येईल नावाची राणी

हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं उतरत.
मग मी आणि उकंडाभाऊ रात्रभर जागलीला,
माळ्यावर. आमच्या तोंडी मायावर.
बॅटरी एक, घोंगड्या दोन,
आणि ते पुस्तक.

मंगरुळपीरच्या बाजारात भज्यांच्या गाडीवर मिळालेलं.
वरचं कव्हर नाही. शेवटची चाळीसेक पानं
तेलकट होऊन लोकांच्या हातात निघून गेलेली.
"ने लेका," भजेवाला म्हणाला,
"इंग्रजीची शाई भज्याले लागते."

मी अकरावीत. इंग्रजी वाचायचो
पुराच्या नाल्यात उतरावं तसं,
आधी काठीनं खोली बघून.
एकेक वाक्य वऱ्हाडीत करून सांगायचो.
राजा सोपा गेला, तलवार सोपी,
उडणारा अजगर तर उकंडाभाऊ म्हणाले,
"पाह्यला हाय म्या."
अडली ती नावं.

राजाच्या नावात मधेच, जरा वर,
एक शेपटीवालं टिंब.
मला वाटलं चिरडलेला डास.
नखानं खरवडलं. निघेना.
पुढच्या ओळीतही तोच डास.
सी, डास, टी, एच, आर, मग वाय, मग डब्ल्यू.
मी एकाही अक्षराला उपाशी ठेवलं नाही,
सगळ्यांना पंगतीला बसवून म्हटलं
चिथ्रायवन.
उकंडाभाऊंनी तो तोंडात घोळवला.
"चित्रावन. आपल्याइकडलाच दिसते."

राणीचं नाव दोन एलनी सुरू होत होतं.
एक एल म्हणजे ल,
तर दोन म्हणजे ळ असणार, हा माझा हिशेब.
आणि ळ आमच्या जिभेवर टिकतो कुठे?
डोळ्याचा डोया, केळीची केयी,
तशी ती ळेईल झाली
येईल.

"येईल?" उकंडाभाऊ हसले.
"आपन तं येईन म्हंतो.
बुकातली बाई हाय, शुद्धच बोलन."

डुकरांचा कळप आला त्या रात्री
ते पिपा बडवत बांधावर धावले,
"चित्रावन आला रे, चित्रावन!"
कळप खरंच पळाला.

उरलेल्या पानांतल्या शेवटच्या पानावर
राजा बर्फाच्या वेशीत उभा आहे.
("बरफ? गोयावाल्याचा?"
"तोच. पण गावभर.")
लांबून टापा ऐकू येतात. पुढे फाटलेलं.
"मंग?"
"पानंच नाहीत, भाऊ."
बराच वेळ ते अंधाराकडे बघत होते.
मग म्हणाले, "येईल."
नाव घेतलं की काय म्हणाले,
मी विचारलं नाही.

पुण्यात होस्टेलवर एकाकडे ते अख्खं होतं,
मोबाइलमध्ये, कुणीतरी वाचलेलं, तयार गळ्यानं.
राजा म्हणे थ्रीन.
बस, एवढाच.
सी मुका, डब्ल्यू मुका, डास तर मुकाच.
आणि राणी क्लेल,
टिनावर खडा पडावा तशी.
माझा चिथ्रायवन ऐकून खोली हसली,
पहिल्या आठवड्यात 'शाया' ऐकून हसली होती तशीच.
त्या वर्षी मी आरशासमोर ळ शिकलो.
जीभ मागे वळवून, टाळूला खरडून:
जवळ. काळ. ओळख.
मावशी फोनवर म्हणाली, "कोन बोलून रायलं?"

शेवटची चाळीस पानं एका रात्रीत ऐकली.
टापा घोड्याच्याच होत्या.
पाठीवर कुणी नव्हतं.

यंदा गेलो. जागल संपली आहे,
कुंपणाला सौरऊर्जेचा झटका लावलाय,
मायाच्या बल्ल्या गोठ्याला लागल्यात.
उकंडाभाऊ एका गोऱ्ह्याची मान खाजवत होते.
"चित्रावन," त्यांनी ओळख करून दिली.
मी हळूच म्हणून पाहिलं, थ्रीन.
तो रवंथ करत राहिला.

"बुक पुरं झालं म्हंते तुहं?"
"झालं."
"मंग, आली का थे?"

तोंडात खरं नाव होतं, घासून पुसून.
गोऱ्हा माझ्याकडे बघत होता.

"येईन," मी म्हणालो.